धालसिम: हात लांब, स्वभाव मवाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फायटिंग गेम खेळतो असं चारचौघांत एकदा कळलं की ठरलेले प्रश्न सुरू होतात आणि त्यातले निम्मे धालसिमबद्दल असतात. नाव बहुतेकांना आठवत नाही. "तो आपला योगावाला" म्हटलं की सगळ्यांची ओळख पटते. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या चहाला, भाचीच्या वाढदिवसाला तीच उत्तरं देऊन झाली. आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

धालसिम म्हणजे नेमका कोण?

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली 'स्ट्रीट फायटर २' हा मारामारीचा गेम व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये आणला. निवडायला आठ जण होते: रयू, केन, होंडा, ब्लांका, गाईल, चुन-ली, झँगीफ आणि धालसिम. धालसिमचा देश भारत. टक्कल, त्यावर तांबडे पट्टे, बुबुळं नसलेले पांढरे डोळे, फाटकी चड्डी, हातापायांत कडी आणि गळ्यात कवट्यांची माळ. उंची १७६ सेंटिमीटर, वजन ४८ किलो. पुढे अशीही नोंद की हे दोन्ही आकडे तो मनाला येईल तसे बदलू शकतो! झँगीफच्या शेजारी उभा केला तर त्याच्या मांडीएवढाही भरत नाही.

पण हा हात लांबवतो. पाय लांबवतो. पडद्याच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाजवळच्या माणसाच्या नाकावर ठोसा ठेवतो. त्या काळात हे कुणी पाहिलं नव्हतं. योगासनांच्या तासाला सरांनी "हात पुढे ताणा" म्हटलं की आमच्या वर्गात मागच्या बाकावरून हळूच "योगा फायर" (त्याचा तोंडातून आग काढायचा डाव) ऐकू यायचं.

उच्चार कसा करायचा? धालसिम, डालसिम की दालसिम?

जपानी लोक 'दारुशिमु'च्या जवळपास म्हणतात, इंग्रजीत 'डालसिम' ऐकू येतं. मराठीत 'धालसिम' रुळलंय, तेच चालू द्या. या नावात संस्कृत धातू वगैरे शोधत बसू नका. आपल्याकडे असं नाव कुणी ठेवत नाही.

तो शांतताप्रिय आहे म्हणतात. मग मारामारीच्या स्पर्धेत काय करतो?

पैसे मिळवतो, आणि ते गावासाठी. त्याचं गाव गरीब, उपासमार आणि रोगराईने पिचलेलं. योगाने कमावलेली शक्ती माणसांवर हात टाकायला वापरणं त्याला पटत नाही, पण बक्षिसाच्या रकमेतून गाव उभं राहील म्हणून तो उतरतो. बाकीच्यांची कारणं पाहा. रयूला आणखी बलवान व्हायचंय, गाईलला मित्राचा सूड घ्यायचाय, केनला रयूशी बरोबरी साधायचीय. सगळ्यांत साधं कारण याचंच: घरची नड. ऊसतोडीला किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाचं कारण जितकं साधं असतं तितकंच.

जिंकल्यावर हा गडी परत गावी जातो. गेमच्या शेवटी बायको आणि मुलगा दिसतात. हार-तुरे, मिरवणूक काही नाही.

आता एक गंमत. स्ट्रीट फायटर २ मध्ये सामना जिंकल्यावर प्रत्येकाचं एक वाक्य पडद्यावर येतं. इंग्रजी आवृत्तीत या शांतिदूताचं वाक्य असं: मी ध्यान करीन आणि मग तुझा नाश करीन. जगभरचे खेळाडू अजून ते एकमेकांना ऐकवतात. संवाद लिहिणाऱ्याने पात्राची माहिती वाचली नव्हती किंवा वाचून डोळा मारला होता. मला दुसरं खरं असावंसं वाटतं.

गळ्यातल्या कवट्या कुणाच्या? त्याने मारलेल्यांच्या का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त आहे. कथेप्रमाणे त्या त्याच्या गावात साथीने दगावलेल्या मुलांच्या आहेत. त्यांची आठवण म्हणून तो त्या अंगावर वागवतो. पार्लरच्या काचेमागे चिकटवलेल्या इंचभर चित्रात एवढं कुणाला कळणार? आम्ही सगळे त्याला नरबळी देणारा मांत्रिक समजायचो. खरं कारण मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. त्यानंतर ती माळ पूर्वीसारखी दिसलीच नाही.

बायका-मुलं आहेत? योगी ना तो?

आहेत, आणि मराठी माणसाचे कान इथे टवकारतात. मुलाचं नाव दत्ता! इंग्रजीत बायकोचं नाव सॅली झालंय, हत्तीचं नाव कोडाल. म्हणजे ओसाकातल्या एका जपानी कंपनीने एका भारतीय योग्याच्या पोराला असं नाव दिलं, की औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला हाक मारली तर पाच-सहा जण मागे वळून बघतील. त्यांनी हे कुठून उचललं याचा माग मला लागलेला नाही. पण ब्लांका आणि बायसनच्या गर्दीत 'दत्ता' वाचल्यावर जे हसू येतं, ते फुकटचं.

संसारी योगी आपल्याला नवा नाही. आपली निम्मी संतपरंपरा बायकापोरं, दुकान, शेत सांभाळूनच उभी राहिली. परदेशी खेळाडूंना मात्र याचं नवल वाटतं.

तोंडातून आग कुठून येते?

कथेप्रमाणे अग्निदेवतेच्या कृपेने. झणझणीत रस्सा खाऊन येते हा विनोद फार जुना आहे. कोल्हापूरकरांनी तो पुन्हा करू नये.

हे सगळं म्हणजे भारताची टिंगल नाही का?

सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

मूळ चित्र ढोबळ आहे यात शंका नाही. हात लांब होणाऱ्या भारतीय योग्याची कल्पना १९७६ च्या सुमाराच्या एका चिनी मार्शल आर्ट्स चित्रपटावरून आली असं मानलं जातं. म्हणजे भारत पाहून केलेलं हे चित्र नाही. दुसऱ्याने काढलेल्या भारताच्या चित्रावरून काढलेलं चित्र आहे. त्याच्या मूळ स्टेजवर, म्हणजे सामना होतो त्या जागी, दोन्ही बाजूंना हत्ती रांगेत उभे आहेत, सोंड वर करून ओरडतात, मागे भिंतीवर गणपती. कवट्या कापालिकांच्या, वेश फकिराचा, महाल राजाचा, आणि प्रत्येक डावाच्या नावात 'योगा'. चार गावची चार दुकानं एकाच टपरीत मांडल्यासारखं.

पण त्या गेममध्ये एकाचंही चित्र नाजूक हाताने काढलेलं नाही. जपानी कंपनीने आपला जपानी सुमो पैलवान नाटकातल्यासारखा चेहरा रंगवून उभा केला. अमेरिकेचा सैनिक दंडावर झेंडा गोंदवून फिरतो. ब्राझीलचा तर माणूसही वाटत नाही, हिरवं जनावरच वाटतं आणि विजेचे झटके देतं. त्या रांगेत भारताच्या वाट्याला आलेलं ध्यान दिसायला विचित्र, पण स्वभावाने सगळ्यांत सभ्य. कपडे चुकले, माणूस बरोबर जमला, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं आणि त्यावर भांडायला मी तयार आहे.

पुढे कॅपकॉमनेही हात फिरवला. २०१६ च्या स्ट्रीट फायटर ५ मध्ये त्याला पांढरी दाढी आणि फेटा आला, चेहरा वडीलधाऱ्या माणसाचा झाला. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये त्याच्या स्टेजचं नावच 'धालसिमर टेंपल' आहे. देवळाला स्वतःचं नाव हे जरा अतीच, पण हत्तींच्या रांगेपेक्षा बरं.

मवाळपणा फक्त गोष्टीत आहे की खेळतानाही जाणवतो?

खेळतानाच जाणवतो. माझ्या मते धालसिमची सगळी करामत इथे आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

नव्वदीच्या मध्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पार्लर होतं. रुपयाला एक कॉईन. मशीनवर सहा बटणं: तीन पंचची, तीन किकची. दुसऱ्या खेळाडूच्या बाजूची काठी (जॉयस्टिक) 'खाली-पुढे' या कोपऱ्यात लागतच नसे, तिथे आतले दोन स्विच एकदम दाबले जायला हवेत, ते होतच नसे. मालकाला सांगितलं की तो म्हणायचा, "खेळायचं तर खेळ." पहिली बाजू कायम कॉलेजातल्या एका दादाकडे, तो केन घ्यायचा. मी दुसऱ्या बाजूला. खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच, या क्रमातला मधला कोपराच मिळत नसल्याने रयूचा हाडोकेन, म्हणजे हातातून फेकायचा ऊर्जेचा गोळा, निघायचा नाही (आमच्याकडे त्याला 'आडुकेन' म्हणत) आणि केनचाही नाही. माझे नेहमीचे खेळाडू निकामी.

एकच चालायचा. धालसिमला आग नाही काढता आली तरी साधी बटणं पुरतात. केन उडी मारायला लागला की मोठी किक, चालत आला की मधला पंच, खाली बसून आला की घसरत जाणारी लाथ. महिनाभर मी तेवढ्यावर खेळलो. जिंकायचो क्वचित, पण दादा वैतागायचा. जवळ यायला मिळालं नाही की केन खेळणारा माणूस कसा तडफडतो ते तेव्हा पाहिलं.

तर मुद्दा असा. बाकीच्यांचा खेळ जवळ जाऊन मारण्याचा आहे. धालसिमचा खेळ समोरच्याला जवळ न येऊ देण्याचा आहे. तो चालतो हळू, उडी मारतो ती पतंगासारखी तरंगत, आणि अंगाशी आलेल्याला झटकायला त्याच्याजवळ फारसं काही नसतं. त्याचं हत्यार म्हणजे अंतर. "बाबा रे, तिथेच थांब" असं तो साठ सेकंद निरनिराळ्या प्रकारे सांगत राहतो.

त्याची किंमतही त्याला मोजावी लागते. हात लांब केला की मार बसायची जागाही तेवढीच लांब होते. पुढे ताणलेल्या मुठीवर समोरच्याची लाथ पडली तर तो मार धालसिमला लागतो, मग त्याचं बाकी अंग दहा फूट मागे का असेना. हात पुढे करणं म्हणजे स्वतःला उघडं टाकणं. हा नियम ज्याने बसवला तो फार हुशार माणूस.

भाची नऊ वर्षांची. मागच्या दिवाळीत मी खेळत असताना शेजारी बसून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "मामा, हा मारतोय का ढकलतोय?" मी तीस वर्षं खेळतोय, मला हे एवढ्या थोडक्यात मांडता आलं नव्हतं.

कोणकोणत्या क्रॉसओव्हर गेममध्ये तो आहे?

क्रॉसओव्हर म्हणजे दोन वेगळ्या घरांतली पात्रं एका आखाड्यात. धालसिमची हजेरी अशी:

१९९६ चा 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर', म्हणजे मार्व्हल कॉमिक्सच्या वुल्व्हरिन, स्टॉर्म, मॅग्नेटो यांच्यासमोर आपला योगी. १९९७ चा 'मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर'. १९९८ च्या पहिल्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'मध्ये त्याला वगळलं, २००० च्या दुसऱ्या भागात तो छप्पन्न जणांच्या गर्दीत परतला. त्याच साली 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके' (एसएनके ही फायटिंग गेम बनवणारी दुसरी जपानी कंपनी), पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग. २००३ मध्ये एसएनकेच्या बाजूने बनलेला 'एसव्हीसी केऑस'. आणि २०१२ चा 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्कन' (टेक्कन ही दुसऱ्या कंपनीची फायटिंग गेमची मालिका), ज्याच्या नावात नुसतं एक्स हे अक्षर छापलंय पण वाचायचं 'क्रॉस'.

स्ट्रीट फायटर ३ मध्ये तो नव्हता. तिथे हात लांब करणारा नेक्रो नावाचा वेगळाच प्राणी होता. त्यामुळे नव्वदीच्या शेवटी धालसिम हवा असेल तर क्रॉसओव्हरकडेच बरंच वळावं लागे.

मार्व्हलच्या राक्षसांसमोर ४८ किलोचा माणूस टिकतो का?

टिकतो, पण सुखाने नाही. स्ट्रीट फायटर जमिनीवरचा खेळ. मार्व्हलचे गेम हवेतले: माणूस पडद्याबाहेर जाईल एवढी उडी, जोडीदाराला मध्येच हाक मारायची सोय, पडदा भरून जाणारे किरण. अंतर हे तुमचं हत्यार असेल आणि समोरचा हवेतल्या हवेत क्षणात ते अंतर खाऊन टाकत असेल, तर तुम्ही काय करणार? मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ च्या मोठ्या स्पर्धांत मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल यांचंच राज्य होतं. धालसिम तिथे हौशी लोकांचा.

तरीही मला तो तिथे आवडतो. जगरनॉट नावाचं धूड अंगावर धावून येतंय आणि हा मांडी घालून शांत, हे दृश्य दुसरीकडे कुठे मिळणार?

एसएनकेवाल्यांबरोबर काय झालं?

पहिल्या 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'मध्ये प्रत्येक पात्राला ताकदीप्रमाणे एक ते चार असा आकडा दिला होता आणि संघाची बेरीज चारच्या वर जाता कामा नये. धालसिमला एक. म्हणजे हलक्यात हलका माल. मला त्याचा राग यायला हवा, पण सोय अशी की एक खर्चून उरलेल्या तिनात आणखी जोरदार माणसं घेता येत. दुसऱ्या भागात हे बंधन खेळाडूच्या हाती दिलं, आणि खेळायच्या सहा वेगवेगळ्या पद्धतीही. त्यांतल्या काही पद्धतींत समोरचा धावत येतो किंवा बुटकी उडी मारतो. बुटक्या उडीला मोठी किक मारायला गेलात तर उशीर होतो, इथे भल्याभल्या धालसिमवाल्यांची दांडी उडते.

'एसव्हीसी केऑस' खेळ म्हणून मला बेताचाच वाटला. पण प्रत्येक सामन्याआधी दोघांचं संभाषण होतं, तेवढ्यासाठी एकदा पाहा.

टेक्कनच्या गेममध्ये सगातशी जोडी का लावली?

दक्षिण ध्रुवावर एक गूढ पेटी येऊन पडते आणि सगळे तिच्यामागे लागतात, एवढीच त्या गेमची गोष्ट. धालसिमचा जोडीदार सगात: थायलंडचा मुआय थाय योद्धा, एक डोळा गेलेला, छातीवर रयूने दिलेला व्रण. तो एके काळी सुडाने पेटलेला होता, नंतर निवळला. रागातून बाहेर आलेला माणूस आणि राग न येणारा माणूस, म्हणून जोडी शोभते. या गेममध्ये दोघांपैकी एक जरी आडवा झाला तरी फेरी हातची जाते. त्यामुळे धालसिमला वेळेवर मागे घेऊन सगातला पुढे करणं जमलं पाहिजे.

स्मॅश ब्रदर्समध्ये घेता येतो का?

निन्टेन्डोच्या त्या फायटिंग गेममध्ये खेळायला नाही. स्ट्रीट फायटरमधून तिथे खेळाडू म्हणून रयू आणि केन गेले.

ताकदवान पण मवाळ म्हटलं की झँगीफ किंवा किंग नको का?

हवेतच, दोघेही माझे लाडके.

झँगीफ हा तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा पैलवान, अस्वलांशी कुस्ती खेळून अंगभर ओरखडे. मनाने लहान मूल. २०१२ च्या एका अमेरिकन ॲनिमेशनपटात त्याला खलनायकांच्या बैठकीत बसवलं आणि तेव्हापासून नवे लोक त्याला वाईट समजतात. मूळ गेममध्ये तो कधीच खलनायक नव्हता. पार्लरमध्ये त्याच्या हातून मार खाल्लेल्यांना मात्र तो तसा वाटला असेल, हे मान्य.

टेक्कनमधला किंग जॅग्वारचा मुखवटा घालतो आणि कुस्तीच्या कमाईवर अनाथाश्रम चालवतो. त्याच्यामागे खरा माणूस आहे: मेक्सिकोत एक पाद्री 'फ्राय तोर्मेंता' या नावाने मुखवटा घालून कुस्त्या खेळला आणि त्या पैशांवर त्याने अनाथ मुलं वाढवली. किंगही 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्कन'मध्ये आहे आणि त्याचा जोडीदार मार्डुक. याच मार्डुकने किंगच्या गुरुतुल्य माणसाचा जीव घेतला होता आणि किंगने सूड हातात आलेला असताना सोडून दिला. एवढी गोष्ट पुरे.

भारतीयच हवा असेल तर 'स्ट्रीट फायटर ईएक्स'मध्ये दारुन मिस्टर नावाचा भारतीय पैलवानही आहे, भरघोस मिशावाला. तालमीत जाणाऱ्या माझ्या एका मित्राला धालसिमपेक्षा तोच जवळचा वाटतो. मी समजू शकतो.

फरक एवढाच की झँगीफ आणि किंग प्रेमळ आहेत ते सामना संपल्यावर. सामन्यात ते तुमची मान धरून तुम्हाला जमिनीत रोवतात. धालसिम सामन्यातही हात राखून असतो.

सिनेमात त्याला कुणी साकारलंय?

१९९४ च्या हॉलिवूडपटात रोशन सेठ यांनी. रिचर्ड ॲटनबरोंच्या गांधींवरच्या चित्रपटात नेहरू झाले होते तेच. सिनेमात मात्र धालसिम योगी नाही, डांबून ठेवलेला शास्त्रज्ञ आहे. हात शेवटपर्यंत नेहमीच्याच लांबीचे. नवीन हॉलिवूडपटासाठी विद्युत जामवालचं नाव जाहीर झालं. तो लहानपणापासून कलरीपयट्टू शिकलेला, म्हणजे अंग वळेल याची काळजी नाही. वजन ४८ किलो होईल असं वाटत नाही.

स्पर्धांमध्ये खरंच कुणी धालसिम घेतं का?

घेतात, थोडे पण कट्टर. १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'मध्ये तर तो सर्वांत वरच्या पंक्तीत गणला जातो. स्ट्रीट फायटर ४ च्या काळात अमेरिकेतला 'फिलिपिनो चँप' त्याच्यासाठी गाजला. आता स्ट्रीट फायटर ६ मध्ये फ्रान्सचा 'मिस्टर क्रिमसन' याचे सामने पाहा. समोरचा माणूस हतबल होऊन हसायला लागतो, ते बघण्यासारखं असतं.

भारतात हा खेळ अजून छोटाच आहे. पण २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५ पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडू तिथे उतरले होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आज हे सगळं कुठे खेळता येईल?

जुनं मशीन शोधत फिरू नका. मार्व्हलवाले जुने गेम २०२४ मध्ये एकाच संग्रहात पुन्हा आले. 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'चे दोन्ही भाग २०२५ च्या 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन २'मध्ये आहेत. मूळ स्ट्रीट फायटर २ आणि 'स्ट्रीट फायटर अल्फा'चे भाग २०१८ च्या तिसाव्या वाढदिवसाच्या संग्रहात मिळतील. हे सगळं स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मिळतं, सेलमध्ये किंमत बरीच उतरते. साधा लॅपटॉप या जुन्या गेमना पुरतो. स्ट्रीट फायटर ६ ला मात्र बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागेल.

नव्याने सुरुवात करायची तर काय शिकू?

आग विसरा. आठवडाभर फक्त साधी बटणं दाबा आणि कुठला हात कुठवर पोचतो ते डोळ्यांत बसवा. आखूड मार कसा काढायचा तेही बघून ठेवा, बहुतेक गेममध्ये काठी मागे धरून बटण दाबलं की हात लांब होत नाही. टेलिपोर्टच्या, म्हणजे गायब होऊन दुसरीकडे उगवायच्या डावाच्या, नादी लागू नका. तो १९९२ च्या 'हायपर फायटिंग'पासून त्याच्याकडे आहे आणि तेव्हापासून नवशिके समोरच्याच्या पुढ्यात प्रकट होऊन मार खात आहेत.

आणि हरायची तयारी ठेवा. पहिले पन्नास सामने तुम्ही हात लांब कराल आणि समोरचा त्या हाताखालून उडून येईल. दोष हाताचा नसतो, आपण एकच हात पुन्हा पुन्हा पुढे करतो.

आणि समोर धालसिम आला तर?

रागावू नका. त्याला तेच हवं असतं. उड्या मारत सुटलात की तो एकेक उडी हवेतच उचलतो. चालत या, थांबा, अडवा, पुन्हा दोन पावलं. त्याने हात लांब केला की त्या हातालाच मारा. कोपऱ्यात गाठलंत की सोडू नका, तिथे त्याला अंतर उरत नाही.

भाचीला हे कुणी शिकवलं नाही. तिने झँगीफ घेतलाय, उडी मारत नाही, नुसती चालत येते. माझी पाठ कोपऱ्याला लागली की बटणावरचा अंगठा न हलवता विचारते, "मामा, आता कुठे ढकलशील?"